मानीचा उजेड आणि माझं आतडं

हे लिहिताना मला लाज वाटते आहे, ते आधीच सांगून टाकते. मला मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी लागली आणि जे खालून जायचं ते पोटातून बाहेर येऊ लागलं. ज्यांना अशी पिशवी लागली आहे किंवा लागायची आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे. बाकीच्यांनी जेवण उरकून वाचावं.

मी घाटकोपरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. निरनिराळ्या धर्मांचा विचार असलेला एक पेपर आहे, त्यात मानी नावाच्या धर्मसंस्थापकावर माझं एक लेक्चर असतं. नावावर जाऊ नका, माणूस इराणकडचा. राजाने त्याला तुरुंगात टाकलं आणि तो बेड्यांतच मेला. त्याचा धर्म एके काळी पार चीनपर्यंत पोचला होता, आज औषधालाही उरलेला नाही. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नाही, त्यामुळे ते लेक्चर मी जरा गंमत म्हणूनच घ्यायची. पोरं हसायची, मीही हसायची. आजारपणात मात्र हाच माणूस माझ्या उशाशी येऊन बसला. त्याने मला आधी तारलं आणि मग माझी वाट लावली. वाट मी स्वतःच लावून घेतली म्हणा, त्याच्या नावावर.

कुठे झालाय?

निदानाच्या दिवशी माझ्याबरोबर सुभाष होता. सुभाष म्हणजे माझा नवरा. विक्रोळीच्या कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढून निवृत्त झालेला, मूळचा मालवणकडचा, मधुमेही आणि मासेखाऊ. डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत होते, आतडं कुठे वळतं, गाठ कुठे आहे, किती कापावं लागेल. मी मान डोलावत होते, पण कानात काही शिरत नव्हतं. सुभाषने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासे चालतील ना हिला?"

"सध्या ते बाजूला ठेवू," डॉक्टर म्हणाले.

"नाही, म्हणजे ऑपरेशन झाल्यावर. अंगात ताकद यायला नको?"

रिक्षात बसल्यावर मी त्याच्यावर उखडले. "माझं आतडं कापणार आहेत आणि तुला बांगडा सुचतोय?"

"मग काय विचारू?" तो म्हणाला. "ही जगेल का, असं विचारू?"

आमचं घर मुलुंडला पूर्वेला आहे, रिक्षाने फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना.

भीती होतीच. पण खरं सांगू? भीतीपेक्षा मोठा प्रश्न होता लोकांना सांगायचं काय. आजारांमध्येही उच्चनीच असतं. हृदयाचं दुखणं ताठ मानेने सांगता येतं, वर चार माणसं कौतुकही करतात. माझ्या दुखण्याची जागाच अशी की मराठीत तिचं नाव चारचौघांत घेता येत नाही आणि इंग्रजीत घेतलं तरी समोरचा खाली बघतो. कॉलेजात मी 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच कळवलं. आमची मुलगी केतकी बंगलोरला असते. तिला फोन सुभाषने केला. तो बोलत असताना मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सुलूताई आली. ही सुभाषची मोठी बहीण, विक्रोळीलाच राहते, माझ्यावर तिचा खरा जीव. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "भोग असतात गं, नीला. कुठल्या जन्मीचं काय असतं, आपल्याला थोडंच ठाऊक?"

हे तिने मायेनेच म्हटलं. आमच्याकडे दुखणाईताला असंच म्हणतात, त्यात वाईट हेतू नसतो. पण तत्त्वज्ञान शिकवणारी बाई दिवसभर स्वतःच्या आयुष्याची झडती घेत बसली. कुणाचं काय खाल्लं, कुणाला काय बोलले, सासूला शेवटच्या आजारात मी टाळलं होतं का? कर्माच्या सिद्धान्तावर मी वर्गात कितीही टीका केली असली, तरी तो माझ्या हाडात मुरलेला होता.

मानी आठवला तो तिथे. त्याचं म्हणणं अगदी साधं आहे. उजेड आणि अंधार अशी दोन राज्यं मुळातच वेगळी होती. अंधाराने चाल केली. उजेडाकडून लढायला गेलेला पहिला माणूस हरला आणि त्याच्या अंगावरचं उजेडाचं चिलखत अंधाराने गिळलं. तेव्हापासून त्या उजेडाचे कण सगळीकडे अडकून पडलेत, दगडात, झाडात, काकडीत, आपल्या देहात. ते कण सोडवण्यासाठीच हे जग रचलं गेलं. आपल्याला जे दुखतं ते त्या अडकलेल्या उजेडाचं दुखणं आहे.

म्हणजे बघा, दुःख ही शिक्षा नाही. तुम्ही काही केलंत म्हणून तुम्हाला दुखत नाही, आणि देवाने परीक्षा घ्यायला ते पाठवलेलंही नाही. देव स्वतःच जखमी आहे. कर्माने माझ्यावर खटला भरला होता, मानीने तो एका फटक्यात काढून टाकला. मला त्या दिवशी पोटभर रडू आलं आणि नंतर झोप लागली. ज्यांना कुणी 'भोग' म्हणून सांगत असेल, त्यांनी हा इराणी माणूस मनात ठेवावा. एवढ्यापुरता तो फार उपयोगी आहे.

सुटला का?

ऑपरेशननंतरचे दिवस सगळ्या वॉर्डाचे एकाच गोष्टीची वाट बघण्यात जातात. आतडं चालू व्हायला हवं. सकाळी डॉक्टरांचा राउंड आला की पहिला प्रश्न, "गॅस पास झाला?" मग सिस्टर तेच विचारतात, मग मावशी, मग चादर बदलणारा. माझ्या शेजारच्या खाटेवर घाटकोपरच्या एक गुजराती आजी होत्या. त्या सकाळ-संध्याकाळ पडदा सरकवून विचारायच्या, "छूटा क्या, बेन?" जन्मभर ज्या गोष्टीचा उच्चारही करायचा नसतो, तिच्यासाठी तिथे देवाची प्रार्थना चाललेली असते.

मला लेक्चरचा तो भाग आठवला, ज्याला पोरं सगळ्यात जास्त हसायची. मानीच्या पंथात दोन प्रकारची माणसं असत. काही निवडलेले आणि बाकीचे ऐकणारे. निवडलेल्यांनी मांस खायचं नाही, संसार करायचा नाही, झाडाचं पानसुद्धा तोडायचं नाही, कारण त्यालाही दुखतं. दिवस मावळल्यावर एकदाच जेवायचं, त्यातही खरबूज, काकडी अशी उजेडाने भरलेली फळं. आणि मग त्या शुद्ध माणसाच्या पोटात ती फळं पचली की त्यांतला उजेड सुटतो आणि वर जातो. चंद्र त्या उजेडानेच भरत जातो. थोडक्यात, देहाचा इतका तिरस्कार करणाऱ्या धर्मात जगाचा मोक्ष कुठे होतो, तर आतड्यात.

ज्या दिवशी माझं आतडं चाललं, त्या दिवशी पिशवीत फस्स करून हवा आली. आजींनी हात जोडले. सुभाषने फोन लावून केतकीला सांगितलं, जणू मला मुलगा झाला. मी तोंडावर चादर ओढून घेतली. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळलं नाही.

पिशवी रिकामी कशी करायची, बदलायची कशी, हे सिस्टरने शिकवलं. "घरी कोण करणार?" तिने विचारलं. सुभाष पुढे झाला. मी म्हटलं, "मीच करणार. याने बघायचं नाही."

सुभाष मागे सरला. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, बरं झालं, निदान याच्या नजरेत तरी मी आधीची राहीन.

बारसं

केमो सुरू झाल्यावर मधल्या बऱ्या दिवसांत सुलूताईच्या नातवाचं बारसं आलं. मी नको म्हणत होते. सुलूताई ऐकेना. "तू मोठी मामी आहेस. पाळण्यापाशी तूच हवीस." सैलसर ब्लाउज, कडक सुती साडी, पिशवीवर पदर. आरशात काही कळत नव्हतं.

पाळण्याखालून बाळ इकडून तिकडे द्यायचं झालं. मग नाव ठेवायची वेळ आली. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा सगळ्या बायका गप्प होतात, कुणाला आधी ऐकू येतं याची चढाओढ असते. बाळ त्या वेळी माझ्या हातात होतं. आत्या वाकली. सगळं घर शांत झालं. आणि माझी पिशवी वाजली. बारीक नाही, चांगली लांबलचक वाजली.

घरभर हसू फुटलं. "नाव पसंत पडलं गं बाळाला!" कुणीतरी म्हणालं. मग वास आला. त्याची आई हसत पुढे आली, बाळ माझ्याकडून घेतलं, "चल रे लबाडा" म्हणत तिथेच त्याचा लंगोट सोडला.

"अगंबाई," ती म्हणाली, "हा तर कोरडा ठणठणीत आहे."

बायकांच्या नजरा बाळावरून सरकत सरकत माझ्या साडीपर्यंत आल्या. तिथे ओला डाग पसरत होता. सुभाष बाहेरच्या खोलीतून आला, पाळण्यावरची नवी शाल उचलून माझ्या अंगावर टाकली आणि मोठ्याने म्हणाला, "चल, तुझ्या औषधाची वेळ झाली." लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. पण मला आजही जास्त टोचतं ते वेगळंच. तेवढा वेळ त्या तान्ह्या पोरावर आळ होता, आणि मी तो राहू दिला. उलट मनात म्हणत होते, देवा, यानेच केलेलं असू दे.

एकभुक्त

उपाय सोपा होता. जेवलं नाही तर पिशवी भरत नाही आणि वाजतही नाही. अडचण सुभाषची होती. स्वयंपाकघर त्याने ताब्यात घेतलं होतं आणि तासातासाला काहीतरी घेऊन उभा राहायचा. पण आमच्या घरांत औषधाला नाही म्हटलं तर दहा प्रश्न येतात, उपासाला मात्र कुणी हात लावत नाही. मी त्याला सांगितलं, "मी नवस बोललेय. ट्रीटमेंट संपेपर्यंत एकभुक्त राहीन. दिवस मावळल्यावर एकदाच जेवायचं."

वर्गात नवसाला 'देवाशी केलेला सौदा' म्हणणारी बाई मी. सुभाषने ऐकलं आणि गॅस बंद केला. "कुणाला बोललीस?"

याचा मी विचारच केला नव्हता. तोंडात आलं ते बोलून गेले, "तुमच्या रवळनाथाला." त्याच्या गावचा देव. म्हणजे त्याला वादच घालता येऊ नये.

त्याने हात जोडले. डोळे भरून आले होते त्याचे. माझा विजय झाला होता, आणि मला खूप क्षुद्र वाटलं.

त्या क्षुद्रपणावर पांघरूण घालायला पुन्हा मानीच धावून आला. मी स्वतःला सांगू लागले की हा देह अंधाराचा माल आहे, तो माझा नाही. वास येतो तो त्याला, मला नाही. दिवसातून एकदा, मावळतीनंतर, थोडंसं. मी पिशवीच्या भीतीने उपाशी राहणारी बाई नव्हते, मी निवडलेली होते! शिकलेल्या माणसाचं हे असं असतं, लाजेलासुद्धा तो तत्त्वज्ञानाची झूल चढवतो. चार दिवस पिशवी हलकी राहिली आणि मला अगदी पवित्र वाटलं. मग चक्कर येऊ लागली.

तपासणीला डॉक्टरांनी वजनाचा आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "असंच घसरत राहिलं तर पुढची केमो देता येणार नाही मला. ट्रीटमेंट अर्ध्यावर सोडायची आहे का? खाताय ना नीट?"

"हो," मी म्हटलं.

सुभाषने माझ्याकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. नवस डॉक्टरच्या टेबलावर मांडायचा नसतो. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "संध्याकाळच्या जेवणात अंडं घालू का गो?"

ऐकणारा

निवडलेल्यांचं जेवण कोण रांधत असे, हे मी पोरांना सांगायची, पण घाईत. ते ऐकणारे रांधत. काकडी तोडण्याचं पाप त्यांचं, दळण्याचं पाप त्यांचं, चुलीपाशी भाजून घेणंही त्यांचंच. निवडलेला माणूस समोर आलेल्या भाकरीला सांगायचा की बाई गं, तुला मी कापलं नाही, मी दळलं नाही, हे सगळं दुसऱ्याने केलं, माझ्यावर दोष नाही. आणि मग जेवायचा. शुद्ध राहायचं असेल तर कुणीतरी दुसरा विटाळायला लागतो.

संध्याकाळी सुभाष ताट आणायचा. मऊ भात, दुधी, पातळ आमटी, अंडं. मी त्यातलं चमचाभर खायचे आणि उरलेलं झाकून ठेवायचे. घरात माशांचा वास येईनासा झाला होता. मला वाटलं, मला मळमळतं म्हणून त्याने बंद केलं असेल. त्याची पँट कमरेला सैल झाली होती, पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं. मला वाटलं, काळजीने रोडावलाय. दिसत सगळं होतं मला. मी स्वतःच्या पोटाकडून मान वर करत नव्हते, इतकंच.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात पातेलं पडलं. मी हाक मारली. ओ आली नाही. जाऊन बघते तर सुभाष ओट्याखाली बसलेला, शर्ट घामाने भिजलेला, डोळे भलतीकडेच. "गाडी सुटतली," तो म्हणत होता, "बेगीन चल, गाडी सुटतली." मधुमेह्याची साखर उतरली की काय होतं, ते मी एवढ्या वर्षांत पाहिलेलं होतं. साखरेचा डबा ओढला, पाणी कालवलं, पण त्याची मान ताठ राहीना. मी त्याच्या मागे बसले, त्याला पोटाशी टेकवलं आणि चमच्याचमच्याने पाजू लागले. त्याच्या पाठीच्या दाबाने पिशवी सुटली. सगळं त्याच्या शर्टावर, माझ्या गाऊनवर, लादीवर. उठावं तर तो कलंडत होता. मग मी घसा ताणून शेजाऱ्यांना हाका मारल्या.

शेजारचे नवराबायको धावत आले. त्यांनी काय पाहिलं असेल ते तुम्हीच समजून घ्या. ती बाई क्षणभर दारात थबकली, मग चपला काढल्या आणि सरळ त्या घाणीत येऊन सुभाषच्या बगलेत हात घातला.

हॉस्पिटलात तो शुद्धीवर होता. तरुण डॉक्टरीण चिडलेली होती. "काका, शुगरच्या गोळ्या घेऊन दिवसभर उपाशी? कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"हिचा नवस आहे," सुभाष म्हणाला. "एकटीने कसा निभावायचा तिने? मी पण धरला."

मी उपास धरला त्याच दिवशी त्यानेही धरला होता. मासे सोडले होते. दिवसभर माझ्यासाठी रांधायचं आणि माझं ताट झाकून झाल्यावर, मी न खाल्लेलंच थोडंफार खाऊन उठायचं.

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "आणि काकू, तुम्ही?"

"नवस नव्हता," मी म्हटलं. "मी कुणालाच काही बोलले नव्हते. पिशवी भरू नये म्हणून जेवत नव्हते."

सुभाषने तोंड भिंतीकडे फिरवलं.

गाऱ्हाणं

घरी आल्यावर तो माझ्याशी बोलेना. औषधं द्यायचा, ताट ठेवायचा, निघून जायचा. आणि जेवत नव्हता. सकाळी नाही, दुपारी नाही. मी हातापाया पडले, केतकीने फोनवरून रडून घेतलं. शेवटी तो बोलला.

"तुझा नवस खोटा होता. माझा नव्हता. मी बाबलला फोन करून देवळात गाऱ्हाणं घालायला लावलंय. अख्खा गाव तुझ्यासाठी 'व्हय म्हाराजा' म्हणालाय. त्यांका मी काय सांगू, माझी बायको खोटा बोलली?"

बाबल त्याचा चुलतभाऊ. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे आहे. कुणाच्या घरी आजार असो, भांडण असो, तो देवासमोर उभा राहून खड्या आवाजात सगळं सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला रुकार देतात.

"मग नवस मागे घेता येत नाही का?" मी विचारलं.

सुभाषने फोन लावून दिला. बाबल म्हणाला, "घेवक येता गो वैनी. खरा गाऱ्हाणा घालूक व्हया. पण कारण सांगूक लागतला."

"तब्येत बरी नव्हती असं सांगा ना भावोजी."

"तब्येत म्हणजे काय? देवाक काय समजतला?"

ज्या गोष्टीपायी मी बाळावर आळ राहू दिला आणि नवऱ्याला उपाशी मारलं, ती आता गावच्या देवळात ओरडून सांगायची होती. मी म्हटलं, विचार करून सांगते. दुपारी सुभाषने मला भात वाढला आणि स्वतः पाणी पिऊन खुर्चीत पडून राहिला. मी साखरेचा डबा हाताशी आणून ठेवला.

मी माझ्या लेक्चरचे जुने कागद काढले. काय शोधत होते कुणास ठाऊक. वेळ पुरत नाही म्हणून मी नेहमी गाळायची असा एक भाग त्यात होता. मानीचे लोक वर्षातून एकदा एका रिकाम्या आसनासमोर जमत आणि आपले दोष कबूल करत. निवडलेलेही गुडघे टेकत आणि ऐकणारेही. आणखी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं शिकवूनही मला दिसली नव्हती. तो म्हणतो की उजेड एकच आहे, त्याचे फक्त तुकडे झालेत. मग काकडीतलं दुखणं, बेड्यांतल्या मानीचं दुखणं आणि ओट्याखाली बसलेल्या सुभाषचं दुखणं हे एकाचंच दुखणं झालं. कुणाचं दुःख खाजगी असूच शकत नाही. मी मात्र माझं पोट पदराखाली झाकून म्हणत होते की हे फक्त माझं आहे, याने बघायचं नाही. देह अंधाराचा आहे हे त्याचं म्हणणं मी सोयीचं म्हणून उचललं, आणि हे सोडून दिलं.

देह अंधाराचा आहे असं मला आता वाटत नाही. त्या शेजारणीने चपला काढल्या तेव्हापासून तर नाहीच.

मी बाबलभावोजींना हो म्हणून सांगितलं.

पुढच्या सकाळी टेबलावर स्पीकर लावून फोन ठेवला. पलीकडे घंटा वाजली, माणसांची कुजबुज ऐकू आली. मी मान खाली घालून बसले होते. बाबलचा आवाज आला.

"बा देवा रवळनाथा! तुझा लेकरू सुभाष मुंबैक असा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या घरकारणीक मोठो आजार झालो असा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या तोंडातसून खोटो नवस इलो, तो तुझ्या पायाकडे परत घेतंव!"

"व्हय म्हाराजा!"

"कित्याक, तर तिच्या पोटार... तिच्या पोटार..." बाबल अडखळला. फोनमधून कुणाचा तरी खोकला ऐकू आला. मग त्याने आवाज उतरवून विचारलं, "सुभाष, तां काय तां? सांग बेगीन."

सुभाषला सांगता आलं असतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"पोटावर पिशवी आहे," मी म्हटलं. "त्यात माझी शी जमते. वाजते, वास येतो. मला लाज वाटते, म्हणून मी जेवत नव्हते आणि खोटं बोलले."

बाबलने ते मालवणीत, एकही शब्द न गाळता, देवाला सांगितलं. ज्या आवाजात तो पाऊस मागतो आणि गावातल्या पोरींची लग्नं मागतो, त्याच आवाजात सांगितलं. माझे कान तापले. मला वाटलं, हसतील आता.

"व्हय म्हाराजा!" आधीपेक्षा मोठ्याने, बायकांचेही आवाज त्यात होते.

"तर काय चुकला माकला असात तां पदरात घे, आणि त्या दोघांकव पोटभर जेवक लाव!"

"व्हय म्हाराजा!"

फोन बंद झाला. लाज गेली म्हणाल तर गेली नाही. उलट आता ती समुद्राकाठच्या एका अख्ख्या गावाला ठाऊक झाली होती. सुभाष उठला, भात टाकला, अंडी उकडली, आणि भर दुपारी दोन पानं वाढून माझ्यासमोर बसला. तो माझ्यासाठी थांबला होता. मी पहिला घास घेतला. पोटावरची पिशवी गुरगुरली आणि लांबलचक वाजली.

सुभाषने घास उचलता उचलता मान डोलावली.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला आणि जेवू लागला.